गाडीचे यकृत सांभाळा

आरोग्याच्या सदरात मोटारीच्या सायलेन्सरचा विषय कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. गाडीच्या नळीतून जे बाहेर पडते ते शेवटी कुणाच्या तरी छातीत जाते. एके काळी भोर आणि वेल्हे भागात खासगी मोटार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरी असे. आता वाड्यावस्त्यांवरही अंगणात चारचाकी उभी दिसते. शाळेची मुले व्हॅनने जातात, बाजारकरी वडापने येतात, आणि शनिवार-रविवारी तोरणा, राजगड, मढे घाटाकडे जाणाऱ्या पुणेकरांच्या गाड्यांची रांग लागते. तेव्हा या गाड्यांच्या पोटाखाली बसवलेल्या एका डब्याविषयी प्रत्येकाला थोडी माहिती असणे गरजेचे झाले आहे. त्या डब्याचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजवाले त्याला नुसते ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. आपण त्याला जाळी म्हणू.

हा डबा करतो काय?

आपल्या शरीरात यकृत जे काम करते, तेच काम गाडीत ही जाळी करते. आपण खाल्ले-प्यायलेले, औषधातून आलेले अनेक विषारी पदार्थ यकृत निरुपद्रवी करते. इंजिनात पेट्रोल जळल्यावर तयार होणारे विषारी वायू ही जाळी निरुपद्रवी करते.

डब्याच्या आत चिनी मातीच्या जातीची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या अतिशय महाग धातूंचा पातळ लेप असतो. सगळा धातू मिळून जेमतेम काही ग्रॅम. शाळेत आपण ‘उत्प्रेरक’ शिकलो, तेच हे धातू. लग्न जुळवणारा मध्यस्थ जसा दोन्ही घरांची गाठ घालून देतो आणि स्वतः कोरडा राहतो, तसा उत्प्रेरक दोन पदार्थांची क्रिया घडवून आणतो आणि स्वतः खर्च होत नाही.

पेट्रोल गाडीच्या धुरात मुख्यतः तीन शत्रू असतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड. दुसरा अर्धवट जळालेले इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन. त्यात रक्ताचा कर्करोग घडवू शकणारे बेंझिनही येते. तिसरा नायट्रोजनचे ऑक्साइड. हे श्वासनलिकांना सूज आणतात, दमेकऱ्याचा दमा वाढवतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन हा आणखी एक त्रासदायक वायू बनतो. जाळी चांगली तापलेली असेल तर ती या तिघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक भागाचे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि साधा नायट्रोजन करून टाकते.

यात ‘तापलेली’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान झाल्याशिवाय ही जाळी कामाला लागत नाही. म्हणजे सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे नळीतून जवळजवळ कच्चा, न गाळलेला धूर बाहेर येतो. छोट्या फेरीत होणाऱ्या एकूण प्रदूषणाचा मोठा वाटा याच मिनिटांचा असतो.

थोडा इतिहास

फ्रान्समध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते यूजीन हुड्री यांनी लॉस एंजेलिस शहरावरील धुराचे थर पाहून १९५० च्या दशकात गाड्यांसाठी अशी जाळी तयार केली. पण त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत. शिशाचा थर बसला की जाळी निकामी. त्यामुळे ती सर्रास वापरात यायला अमेरिकेतही १९७५ साल उजाडले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली आणि तिच्यासाठी तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिशाचे पेट्रोल हद्दपार झाले. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. तेव्हा या जाळीने दुहेरी उपकार केले. स्वतः धूर गाळला आणि तिच्या निमित्ताने पेट्रोलमधील शिसेही गेले. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे कडक मानक लागू आहे. वाहनांच्या धुराच्या चाचण्या करणारी एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था तर आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे.

डोकेदुखीचे एक वेगळे कारण

मध्यंतरी वडाप चालवणारा एक तिशीतला तरुण दवाखान्यात आला. रोज संध्याकाळी डोके दुखते, मळमळते, अंगात त्राण राहत नाही, ही तक्रार. रक्तदाब ठीक, डोळ्यांचा नंबर नाही, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८.

“सुट्टीच्या दिवशी दुखतं का रे?” मी विचारले.

“नाही डॉक्टर. घरी असलो की एकदम बरा असतो.”

“गाडीतल्या माणसांना काही होतं?”

“मागच्या सीटवरच्या बायका म्हणतात उमासे येतात. पण त्यांना घाटात गाडी लागते, डॉक्टर. ते नेहमीचंच आहे.”

आणखी विचारल्यावर उलगडा झाला. त्याच्या गाडीचा सायलेन्सर जाळीसकट चोरीला गेला होता. नवा परवडत नाही म्हणून त्याने एका गॅरेजात साधी सरळ नळी जोडून घेतली होती. तिचा सांधा गळका होता. शिवाय मागे पोती आणि दुधाच्या किटल्या असल्या की मागचे दार अर्धे उघडे ठेवून दोरीने बांधायचा. धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि नळीतला धूर त्या उघड्या दारातून आत ओढला जातो. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी नसते, पण हकिगतच बोलकी होती. नळी बदलून जाळीसह सायलेन्सर बसवला, दार बंद ठेवू लागला, आणि डोकेदुखी गेली. मागच्या बायकांचे गाडी लागणेही बरेच कमी झाले.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे रक्त असते, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोचत नाही. मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला ४ ते ५ तास लागतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. करोनाच्या काळापासून घरोघरी आलेले ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवतात. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्या यंत्राला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा ९७-९८ दिसत राहतो. म्हणून आकड्यावर जाऊ नका, लक्षणांवर जा. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखत असेल, चक्कर येत असेल, तर ते पित्त किंवा घाट असेलच असे नाही.

हृदयविकाराचे रुग्ण, रक्त कमी असलेल्या स्त्रिया, लहान मुले आणि गरोदर महिला यांना हा वायू लवकर बाधतो. गर्भाच्या रक्तात तर तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त साठतो आणि उशिरा बाहेर पडतो.

चोरांना कळली, आपल्याला नाही

जाळीतल्या धातूंची किंमत आधी चोरांना कळली. २०२१ च्या सुमारास राज्यातील अनेक जिल्ह्यांतून ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या येत होत्या. चोर डब्यातली ‘माती’ काढून विकत. ही गाडी आपल्याकडे शाळेची व्हॅन म्हणून आणि वडापला मोठ्या प्रमाणात चालते. अशी चोरी झाली तर पोलिसांत तक्रार करा, विमा असेल तर तिकडे कळवा, आणि जाळीसह सायलेन्सरच बसवा. ‘सीएनजीची गाडी आहे, धूर कुठे दिसतो?’ असे काही जण म्हणतात. सीएनजीतही कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो दिसत नाही हीच तर अडचण आहे. मुलांना व्हॅनमध्ये बसवणाऱ्या पालकांनी चालकाला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

मोटारसायकलला फटफट आवाजाचा सायलेन्सर लावणाऱ्या तरुणांनाही हेच सांगणे आहे. नव्या दुचाकीत सायलेन्सरबरोबर जाळी असते. सायलेन्सर बदलला की बहुधा तीही जाते. कानाला त्रास गावाला, धूर मागे बसलेल्या मित्राला.

जाळी साफ करता येते का?

आता मुख्य प्रश्न. मोबाईलवर अनेक चित्रफिती फिरतात. कुणी जाळी काढून साबणाच्या पाण्यात भिजवतो, कुणी थिनर वापरतो, कुणी ॲसिड ओततो. बाजारात टाकीत ओतायच्या बाटल्याही मिळतात.

माझ्याकडे दारू पिणारे काही रुग्ण येतात आणि म्हणतात, “डॉक्टर, लिव्हर साफ करायचं टॉनिक द्या.” त्यांना मी सांगतो की यकृत टॉनिकने साफ होत नाही. बाटली बंद केली तर ते स्वतःच बरेचसे सावरते. आणि एकदा कडक होऊन आकसले की कोणतेही टॉनिक त्याला पूर्ववत करत नाही. जाळीचेही अगदी तसेच आहे.

छिद्रांत नुसती काजळी बसली असेल, तर जाळी नीट तापल्यावर ती आपोआप जळून जाते. रोज भोरच्या बाजारपेठेत दोन-तीन किलोमीटरच फिरणारी गाडी पंधरा दिवसांतून एकदा कापूरहोळमार्गे महामार्गावर काढून शिरवळपर्यंत सलग, एका वेगात चालवली, तर तिला तेवढी साफसफाई पुरते. पण इंजिन ऑइलची राख, कूलंटमधली द्रव्ये किंवा शिसे यांचा थर बसला असेल तर तो साबणाने किंवा बाटलीतल्या औषधाने निघत नाही. वीट वितळली किंवा फुटली असेल तर जाळी बदलण्यावाचून इलाज नाही. ॲसिडने तर महागाचा लेपच निघून जातो आणि त्याच्या वाफांनी करणाऱ्याची छाती भाजते.

काही ठिकाणी ‘जाळी चोक झालीय, फोडून टाकू, पिकअप वाढेल’ असा सल्ला मिळतो. छिन्नीने वीट फोडून काढतात. हे करू नये. गाडीचे यकृत काढून टाकल्यासारखेच ते आहे. शिवाय ती फोडताना उडणारी चिनी मातीची आणि तिच्याभोवतीच्या तंतूंची धूळ मेकॅनिकच्या फुप्फुसात जाते.

मग सांभाळायची कशी?

जाळी स्वतः क्वचितच बिघडते, तिला इंजिन बिघडवते. म्हणून पथ्य इंजिनाचे पाळायचे.

१. इंजिन झटके खात असेल, एखादा प्लग काम करत नसेल, तर गाडी तशीच दामटू नका. न जळालेले पेट्रोल जाळीत जाऊन तिथे जळते आणि वीट वितळते. समोरचा पिवळा इंजिन-दिवा स्थिर लागला तर लवकर दाखवा. तो उघडझाप करू लागला तर वेग कमी करून गाडी थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. वरंध घाट किंवा मांढरदेवीचा घाट तशा अवस्थेत चढू नका.

२. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. गोडसर वासाचा, सतत येणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळत असावे. दोन्ही जाळीला मारक. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वापरा.

३. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर वेळेवर तपासा. हा सेन्सर इंजिनात हवा-पेट्रोलचे प्रमाण राखतो. तो बिघडला की पेट्रोल जास्त जाते, खर्च वाढतो आणि जाळी तापते.

४. पेट्रोल खात्रीच्या पंपावर भरा. रॉकेलची भेसळ काजळी आणि उष्णता दोन्ही वाढवते.

५. बॅटरी उतरली तर गाडी पुन्हा पुन्हा ढकलून सुरू करू नका. बॅटरी दुरुस्त करा.

६. खडकाळ रस्त्यावर आणि उंच गतिरोधकावर जपून. खालून दणका बसला आणि नंतर डब्यात खडखड ऐकू आली तर वीट फुटली असे समजा.

७. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका. जिवाचा धोका तर आहेच, पण तापलेली वीट गार पाण्यात बुडाली तर तडकूही शकते.

चढावर ताकद कमी पडणे, सडक्या अंड्यासारखा वास येणे, पायाखालचा पत्रा नेहमीपेक्षा जास्त तापणे ही जाळीच्या आजाराची लक्षणे आहेत. ती दिसताच तपासणी करून घ्या.

बीएस-६ डिझेल गाड्यांत जाळीबरोबर काजळी पकडणारा गाळणीचा डबाही असतो. तो भरला की दिवा लागतो. बहुतेक वेळा मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग गाडी चालवली की काजळी जळून जाते. त्या वेळी मध्येच इंजिन बंद करू नका. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे, तेव्हा हा डबा काढून टाकण्याचा विचार कुणी मनात आणू नये.

गवत, पेंढा आणि भाजणे

चालून आलेल्या गाडीची जाळी काहीशे अंश तापलेली असते. दिवाळीनंतर आपल्या डोंगरउतारांवरचे गवत वाळते. गुंजवणे, पाली, वेल्हे या गडपायथ्याच्या गावांत आलेल्या पाहुण्यांनी वाळल्या गवतावर गाडी उभी करू नये. वणवा पेटायला तेवढे निमित्त पुरते. खळ्याजवळ, पेंढ्यावरही गाडी लावू नये. गाडीखाली चेंडू काढायला शिरणाऱ्या मुलांना आवरा. भाजलेच तर त्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नका. फोड फोडू नका.

जाळी चांगली असली तरी

उत्तम जाळी असलेली गाडीसुद्धा बंद जागेत सुरू ठेवणे जिवावर बेतू शकते. थंडीत दार लावलेल्या शेडमध्ये गाडी गरम करत ठेवू नका. घराच्या पडवीला लागून गाडी असेल तर नळीचे तोंड खिडकीकडे नको. सुरू केल्यावर लगेच बाहेर काढा आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवा. गाडीही तापते, जाळीही तापते. एसी लावून, काचा बंद करून गाडीत झोपू नका. शटर ओढून गाडी सुरू ठेवून काम करणाऱ्या मेकॅनिकांनी नळीतला धूर बाहेर सोडण्याची सोय करावी.

कुणी बंद गाडीत किंवा शेडमध्ये बेशुद्ध आढळले तर आधी दारे उघडा, इंजिन बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. रुग्ण शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच. त्याला पूर्ण प्राणवायूची गरज असते. डॉक्टरांना ‘गाडीचा धूर’ हे दोन शब्द आवर्जून सांगा, म्हणजे निदानात वेळ जाणार नाही.

राहता राहिला पीयूसी दाखला. प्रदूषणाच्या नियमभंगाला पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली. पण दंडाच्या भीतीने नव्हे, तर तपासणी म्हणून पीयूसीकडे पाहा. गाडी न नेता मिळवलेला दाखला म्हणजे रुग्णाला न पाहता दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र. दोन्हींनी आजार बरा होत नाही. मशिनवर आलेले आकडे वाचा, मागच्या वेळच्या आकड्यांशी ताडून पाहा. रक्तातील साखर आपण तशीच ताडतो ना? कार्बन मोनॉक्साइड वाढलेला दिसला तर मेकॅनिकला कारण शोधायला सांगा.

यकृत दुखत नाही तोवर त्याची आठवण कुणाला होत नाही, आणि दुखू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. गाडीच्या पोटाखालच्या या डब्याचेही तसेच आहे. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी ऑइल बदलताना मेकॅनिकला एवढेच म्हणा, “खालची जाळी आणि सांधे एकदा बघून घ्या.” त्या दोन मिनिटांचा फायदा तुमच्या खिशाला होईल आणि मागच्या सीटवर बसलेल्या लेकरांच्या छातीलाही.